मामाकडे भाचीचा कायमचा ताबा: समितीचा आदेश की न्यायालयाचा?

प्रश्न: मुलगी ७ वर्षांची, मानखुर्दच्या बालगृहात. आई वारली, वडिलांचा पत्ता नाही. मामा सांभाळायला तयार आहे. अर्ज कुठे करायचा?

उत्तर १: आधी मुंबई उपनगराच्या बाल कल्याण समितीकडे (काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी समिती). बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ३७ खाली समिती मुलीला कुटुंबाकडे परत देऊ शकते किंवा ‘योग्य व्यक्ती’कडे (मूल सांभाळायला पात्र ठरवलेली व्यक्ती) अल्प वा दीर्घ मुदतीसाठी सोपवू शकते. अर्जासोबत नातं सिद्ध करणारे दाखले हवेतच: आई आणि मामा दोघांचे जन्मदाखले किंवा शाळा सोडल्याचे दाखले, आईचा मृत्यू दाखला. प्रकरण बहुतेकदा इथेच अडतं, कारण लग्नानंतर आईचं नाव बदललेलं असतं. विवाह प्रमाणपत्र जोडा.

उत्तर २: घाई करा. सामाजिक तपासणी (मुलीच्या आणि घरच्या परिस्थितीची चौकशी) १५ दिवसांत आणि अंतिम आदेश ४ महिन्यांत अपेक्षित आहे. नातेवाईक पुढे आले नाहीत, तर मूल दत्तकासाठी मुक्त घोषित होऊ शकतं. तपासणीसाठी घरी येणाऱ्यांना खोली लहान असल्याचं लपवू नका. मुलीची शाळा कुठली आणि दिवसा तिच्याजवळ कोण, हे स्पष्ट सांगा. माझ्या मते तेच जास्त वजनाचं.

उत्तर ३: ताबा म्हणजे दत्तक नव्हे, हे मामांना नक्की सांगा. नातेवाइकाने दत्तक घेण्याची प्रक्रिया वेगळी. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तो आदेश जिल्हाधिकारी देतात, आणि ५ वर्षांवरील मुलाची संमती लागते. समितीने अर्ज नाकारला तर बाल न्यायालयात अपील, मुदत ३० दिवस. आदेशाची प्रत त्याच दिवशी मागा.