नापाची रेड वाइन जमवणं: शौक की लेबलपूजा?

फ्रीमाँटकर
परवा मित्राकडे जेवायला गेलो. गॅरेजमध्ये खास वाइनचा फ्रिज, १३ अंशांवर लावलेला. आत कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्याच्या कॅबरनेच्या (काळ्या द्राक्षांची रेड वाइन) अठरा बाटल्या आडव्या निजलेल्या. त्यातली एकही उघडायची नाही, "अजून दहा वर्षं" म्हणे. आम्ही बिअर प्यायलो!
नापाच्याच स्क्रीमिंग ईगल वायनरीचं बघा. १९९२ ची त्यांची पहिली वाइन, वाइन समीक्षक रॉबर्ट पार्करने तिला १०० पैकी ९९ गुण दिले आणि २००० साली नापाच्या लिलावात तिची सहा लिटरची एक बाटली पाच लाख डॉलरला गेली. माझ्या मते ही मंडळी वाइन नाही, मार्कशीट जमवतात.

बुचकाढ्या
तो लिलाव धर्मादाय होता, हे बरं गाळलंत! देणगीला बाजारभाव म्हणू नका.
राहिला मुरवण्याचा प्रश्न. १९७६ मध्ये पॅरिसला फ्रेंच परीक्षकांनीच लेबलं झाकून चव घेतली आणि नापाच्या स्टॅग्ज लीपची १९७३ ची कॅबरने फ्रान्सच्याच बोर्दो भागातल्या बड्या नावांच्या वर बसवली. मग कुरकुर सुरू, की या वाइन टिकायच्या नाहीत. २००६ मध्ये त्याच रेड पुन्हा चाखल्या, तर पहिल्या पाचही कॅलिफोर्नियाच्या. तुमचा मित्र वेडा नाही.

फ्रीमाँटकर
त्या पाचांत पहिली आलेली रिज माँटे बेलो नापाची नाहीच, सांता क्रूझच्या डोंगरातली आहे. शिवाय तेव्हाच्या वाइन हलक्या होत्या. आता द्राक्षं वेलीवर जास्त पिकू देतात, अल्कोहोल साडेचौदा-पंधरा टक्क्यांवर जातं. तेव्हाच्या निकालावर आजच्या बाटल्या कशा विकता?

बुचकाढ्या
हा मुद्दा मान्य. पण मग वाट बघूनच कळेल ना!

निफाडचा बागाईतदार
दोघंही बाटलीवर भांडताय, वेलीकडे कुणी बघत नाही राव. आमच्याकडे एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी बहार छाटणी. वेलीला झोप म्हणून नाही. नापात हिवाळाभर वेल निवांत झोपते. उन्हाळ्यात दिवसा रणरणतं ऊन आणि रात्री सॅन पाब्लो खाडीकडून येणारं धुकं, त्यामुळे गोडी भरते तरी आंबटपणा टिकतो. चांगल्या बागेत घड विरळून एकरी तीन-चार टनच ठेवतात.
कॅबरनेचा सरासरी भाव टनाला आठ हजार डॉलरच्या वर. तिथला जुना ठोकताळा असा, की टनाच्या भावाला शंभराने भागलं की बाटलीची किंमत. म्हणजे ऐंशी डॉलर बागेच्या हिशेबात बसतात. त्यापुढचे सगळे लेबलाचे, तिथे मी फ्रीमाँटकरांकडून.
पण जोखीमही बघा. नापावाल्यांनी एएक्सआर-१ या खुंटावर (ज्या मुळावर कलम बांधतात तो) भरवसा ठेवला आणि १९८० च्या दशकात फायलोक्सेरा किडीने मुळं खाल्ली. हजारो एकर बागा उपटून नव्याने लावाव्या लागल्या. २०२० च्या वणव्यांत धुराचा वास द्राक्षांत उतरला, कित्येकांनी त्या वर्षी रेड काढलीच नाही. आमची बाग गारपीट पाच मिनिटांत झोपवते, पण पुढच्या वर्षीच्या मालाला कुणी "विंटेज", म्हणजे खास सालचा माल, म्हणून चढा भाव देत नाही. एवढीच काय ती पोटदुखी.

सौ. चाळणी
आम्हीही एक जपली होती हो. नऊ वर्षं, उभी, स्वयंपाकघरातल्या फ्रिजच्या डोक्यावर. लग्नाच्या वाढदिवसाला उघडली तर बुचाचा भुगा. चहाच्या गाळणीने गाळली, वास शिळ्या मनुकांचा. शेवटी मटणात ओतली. मटण मात्र छान झालं.

फ्रीमाँटकर
ताई, हे मित्राला वाचून दाखवतो. दिवाळीपर्यंत अठराच्या सतरा झाल्या तर इथे कळवेन.