मदत हवी आहे: सिनेटर डिक डर्बिन यांची क्रॅक-कोकेनच्या शिक्षेवरची भाषणं आणि कायद्यात आलेला आकडा यांचा मेळ कसा लावायचा?

नमस्कार मंडळी,

मी सत्र न्यायालयात फौजदारी वकिली करते. त्यातले बरेचसे खटले एनडीपीएसचे, म्हणजे आपल्या अंमली पदार्थविरोधी कायद्याचे. बार रूममध्ये ज्युनिअर मुलामुलींसाठी आम्ही अभ्यासवर्ग चालवतो, आणि या वेळी मी 'वजनावर ठरणारी शिक्षा' हा विषय घेतला आहे. त्यासाठी अमेरिकेतलं एक उदाहरण मुळापासून वाचायला घेतलं आणि एका जागी गाडी अडली आहे. अमेरिकी काँग्रेसचं कामकाज वाचायची ज्यांना सवय आहे, त्यांनी कृपया मदत करावी.

पार्श्वभूमी दिल्याशिवाय प्रश्न कळणार नाही. जून १९८६ मध्ये लेन बायस हा तरुण बास्केटबॉलपटू, बॉस्टन सेल्टिक्सने त्याला निवडल्यावर दोनच दिवसांनी, कोकेनमुळे दगावला. देशभर खळबळ उडाली. निवडणुका तोंडावर होत्या. काही महिन्यांत नवा अंमली पदार्थविरोधी कायदा मंजूर झाला आणि २७ ऑक्टोबर १९८६ ला अध्यक्ष रेगन यांची त्यावर सही झाली. पाच वर्षांची किमान शिक्षा लागायला पावडर कोकेन ५०० ग्रॅम लागे, क्रॅक मात्र फक्त ५ ग्रॅम. दहा वर्षांसाठी ५,००० आणि ५०. म्हणजे १०० ला १. क्रॅक हे काही निराळं विष नाही. पावडर कोकेन खाण्याचा सोडा आणि पाणी घालून शिजवलं की त्याचे खडे होतात, तेच क्रॅक. पण क्रॅक स्वस्त, गरीब वस्तीत छोट्या खड्यांनी विकलं जाणारं. फेडरल न्यायालयांत त्यासाठी शिक्षा झालेल्यांत ८० टक्क्यांच्या आसपास कृष्णवर्णीय होते. कायद्यातल्या एका ओळीने किती घरं उघड्यावर पडली असतील याचा अंदाज आपल्यासारख्या कोर्टात रोज उभं राहणाऱ्यांना लगेच येतो.

डर्बिन हे इलिनॉयचे डेमोक्रॅट. १९८३ पासून कनिष्ठ सभागृहात, १९९७ पासून सिनेटमध्ये. १९८६ मध्ये त्यांनी या कायद्याच्या बाजूने मत दिलं होतं, आणि आपण दिलेल्या सर्वांत वाईट मतांपैकी ते एक, असं पुढे जाहीरपणे सांगितलं. मला त्यांच्याबद्दल आदर वाटू लागला तो इथून. आपणच मंजूर केलेला कायदा अन्यायाचा ठरला असं कबूल करून तो बदलायला पुन्हा सभागृहात उभे राहणारे लोकप्रतिनिधी कुठल्याही देशात विरळाच.

२९ एप्रिल २००९ ला त्यांनी न्यायविषयक समितीच्या उपसमितीपुढे याच तफावतीवर सुनावणी घेतली. १५ ऑक्टोबर २००९ ला विधेयक मांडलं, क्रमांक एस १७८९. त्यात मागणी सरळ होती: १ ला १, क्रॅक आणि पावडर एकाच मापाने. मग ११ मार्च २०१० ला समितीने ते १९ विरुद्ध ० असं एकमताने पुढे पाठवलं, पण आता आकडा होता १८ ला १. म्हणजे पाच वर्षांसाठी २८ ग्रॅम, दहा वर्षांसाठी २८० ग्रॅम. सहा दिवसांनी, १७ मार्चला, सिनेटने ते सर्वसंमतीने मंजूर केलं. मतविभागणी नाही, लांबलचक चर्चाही नाही. २८ जुलैला कनिष्ठ सभागृह, ३ ऑगस्ट २०१० ला अध्यक्ष ओबामा यांची सही.

आता माझी अडचण. सभागृहातली भाषणं वाचली तर डर्बिन यांचा सगळा युक्तिवाद १ ला १ च्या बाजूचा आहे. रसायन तेच, व्यसन तेच, तर शिक्षा वेगळी का, हा त्यांचा सवाल. कायद्यात आलं १८. हा १८ का, १० का नाही, २० का नाही, याचं उत्तर मला सभागृहाच्या नोंदीत सापडत नाही. ज्या आकड्यावर माणसाची पाच वर्षं अवलंबून आहेत त्याची कारणमीमांसा कुठेतरी लिहिलेली असायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं. समितीतली चर्चा कुठे वाचायला मिळते?

दुसरं असं की काँग्रेशनल रेकॉर्डमध्ये (काँग्रेसच्या कामकाजाची छापील अधिकृत नोंद) काही निवेदनांच्या आधी आणि शेवटी काळा ठिपका दिसतो, काहींना नाही. त्याचा अर्थ काय? शिवाय एकाच भाषणाला दोन ठिकाणी दोन वेगवेगळे पृष्ठक्रमांक दिलेले दिसतात. मुलांना कुठला द्यायचा?

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कायदा झाल्यावर, गुन्हा आधीचा पण शिक्षा ३ ऑगस्टनंतरची, अशा आरोपींना नवे आकडे लागू करायचे का, यावरून वाद झाला. डर्बिन आणि न्यायविषयक समितीचे तेव्हाचे अध्यक्ष सिनेटर लेही यांनी नोव्हेंबर २०१० मध्ये अॅटर्नी जनरल होल्डर यांना पत्र लिहून 'लागू करा' असं सांगितलं. जून २०१२ मध्ये डॉर्सी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा निकालाने तेच म्हटलं. पण जून २०२१ च्या टेरी खटल्यात उलटं झालं. अगदी थोड्या क्रॅकसाठी शिक्षा झालेल्यांनाही, २०१० चे आकडे जुन्या शिक्षांना लावू देणाऱ्या २०१८ च्या फर्स्ट स्टेप अॅक्टचा लाभ मिळावा, हाच आमचा हेतू होता, असं तो कायदा घडवणाऱ्या सिनेटर डर्बिन, ग्रासली, बुकर आणि ली यांनी न्यायालयाला लेखी कळवलं. न्यायालयाने कायद्याचे शब्द पाहिले आणि एकमताने नाही म्हटलं. मग सिनेटरच्या शब्दाला तिकडे नक्की किती वजन? आपल्याकडे निदान के. पी. वर्गीस (१९८१) पासून एवढं स्पष्ट आहे की विधेयक मांडणाऱ्याचं भाषण, कायदा कोणत्या दोषावर उपाय म्हणून आणला हे समजून घ्यायला पाहता येतं, इतर सदस्यांची भाषणं अर्थ लावायला चालत नाहीत.

हे सगळं मी का उकरतेय? आपला एनडीपीएस १९८५ चा, त्यांच्या कायद्याच्या एक वर्ष आधीचा. २००१ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडेही सगळं वजनावर आलं: हेरॉईन ५ ग्रॅमपर्यंत अल्प, २५० ग्रॅमच्या वर व्यावसायिक, गांजा १ किलो आणि २० किलो. व्यावसायिकच्या वर गेलात की किमान दहा वर्षं, आणि कलम ३७ मुळे जामीन जवळजवळ मिळतच नाही. पंचनाम्यात गोणी इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवतात, आत ओला पाला, काड्या, बिया, शेंडे सगळं एकत्र. गांजाच्या व्याख्येत शेंड्यांसोबत नसलेला पाला आणि बिया येत नाहीत, पण काट्याला ते कळत नाही. पंचनाम्यात '२१ किलो ३०० ग्रॅम' लिहिलं जातं आणि त्या एका आकड्यावर एखाद्या हमालाची पुढची दहा वर्षं ठरतात. मिश्रण असेल तर शुद्ध पदार्थाचं वजन धरायचं, असं २००८ मध्ये मायकेल राज खटल्यात ठरलं होतं. २०२० मध्ये हिरा सिंग निकालाने तेही गेलं, आता सगळं मिश्रण मोजायचं. मुलांनी नुसती कलमं पाठ न करता, हे आकडे कुणी, कुठे, काय विचार करून ठरवले असं विचारायला शिकावं, एवढीच माझी धडपड आहे.

जाणकारांनी वेळ काढावा, ही विनंती.

प्रतिसाद:

ताई, मी इकडे इलिनॉयमध्ये कायद्याच्या ग्रंथालयात काम करतो, तेव्हा जमेल तेवढं सांगतो.

ठिपक्याचं आधी. सिनेटच्या पानांवर ज्या निवेदनाच्या सुरुवातीला आणि शेवटी ठिपका असतो, ते सभागृहात प्रत्यक्ष बोललं गेलेलं नसतं, नुसतं नोंदीत घातलेलं असतं. म्हणून मुलांना 'डर्बिन म्हणाले' असं सांगण्याआधी ठिपका बघा. शिवाय सदस्यांना छापण्याआधी शब्द नीट करून घ्यायची मुभा असते. दोन पृष्ठक्रमांकांचं कारण सोपं आहे: रोजची आवृत्ती वेगळी, नंतर निघणारी बांधीव आवृत्ती वेगळी, आणि बांधीवमध्ये पानं नव्याने मोजतात. रोजच्या आवृत्तीत सिनेटच्या पानाआधी 'एस' असतो. तारीख आणि 'एस'वालं पान द्या, सगळ्यांना सापडेल. विधेयक मांडतानाचं त्यांचं निवेदन त्या दिवशीच्या 'मांडलेल्या विधेयकांवरील निवेदने' या भागात मिळेल.

आता १८. समितीने हे विधेयक लेखी अहवाल न जोडता पुढे पाठवलं, त्यामुळे तुम्हाला हवी तशी कारणमीमांसा एका जागी मिळणार नाही. पण दोन धागे हाती देतो. त्या समितीत रिपब्लिकनांचे प्रमुख होते जेफ सेशन्स, आणि त्यांनी २००१ मध्येच स्वतःचं विधेयक आणलं होतं, त्यातला आकडा २० ला १. त्यामुळे १ आणि २० यांच्या वाटाघाटीत १८ आला म्हणजे कोण किती सरकलं हे दिसतंच. दुसरं, ५०० ला २८ ने भागून बघा: १७.८६. आणि २८ ग्रॅम म्हणजे जवळजवळ एक औंस. मला वाटतं आधी 'एक औंस' हे माप धरलं गेलं आणि १८ त्यातून निघाला. सेन्टेन्सिंग कमिशनचे (फेडरल शिक्षांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारा आयोग) १९९५, १९९७, २००२ आणि २००७ चे अहवाल वाचा. १९९५ मध्ये कमिशनने १ ला १ च सुचवलं होतं, काँग्रेसनेच ते फेटाळलं.

डॉर्सीबद्दल: त्या निकालाचा भर पत्रावर नाही. शिक्षा ठरवण्याच्या नव्या मार्गदर्शक तरतुदी ९० दिवसांच्या आत करा, असं २०१० च्या कायद्याचं कलम ८ सांगतं. बहुमताने त्यातून काँग्रेसचा हेतू काढला. कायदा झाल्यानंतर सदस्याने सांगितलेल्या हेतूला इकडे फारच कमी किंमत आहे.

प्रतिसाद:

मॅडम, मी निवृत्त सरकारी वकील. विषय छान घेतलात, फक्त एक बाजू राहू देऊ नका. १९८६ मध्ये कठोर कायदा मागणाऱ्यांत हार्लेमचे चार्ल्स रँगल यांच्यासारखे कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधीही होते, कारण क्रॅक त्यांच्याच वस्त्या पोखरत होतं. टेरीच्या निकालात न्यायमूर्ती थॉमस यांनी हा इतिहास नोंदवला आहे, आणि न्यायमूर्ती सोटोमायर यांनी त्या मांडणीपासून स्वतःला वेगळं ठेवलं. मुलांना दोन्ही वाचायला द्या. शेजारच्या घरातला पोरगा व्यसनापायी गेला की आईबाप आमच्याकडे येऊन कडक शिक्षाच मागत, हे मी नोकरीत पाहिलं आहे. आणि भरपूर चर्चा हवी असेल तर डिसेंबर २०१८ वाचा. फर्स्ट स्टेप अॅक्टवर विरोधातले सिनेटर कॉटन आणि केनेडी यांच्या दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या, मग सिनेटने ८७ विरुद्ध १२ ने कायदा मंजूर केला. डर्बिन आणि ग्रासली दोघेही तिथे विरोधकांना उत्तर देताना दिसतील.

धागाकर्ती:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. औंसाचा हिशेब मी आत्ताच कागदावर मांडला आणि २८ चं कोडं माझ्यापुरतं बरंच सुटलं. सर, रँगल यांचा मुद्दा नक्की घेते. पीडित वस्तीतूनच कडक शिक्षेची मागणी येते, हे आमच्याकडच्या मुलांनीही ऐकायला हवं. पण ती मागणी खरी असूनही ५ ग्रॅमचा आकडा योग्य ठरत नाही, असं माझं ठाम मत आहे, आणि ते मी वर्गात मांडणार आहे.

एक शंका उरली. २००१ चं सेशन्स यांचं विधेयक मांडतानाचं निवेदन आणि २००९ चं डर्बिन यांचं, ही दोन्ही शेजारी ठेवून वाचायची आहेत. २००१ ची रोजची आवृत्ती ऑनलाइन शोधताना विधेयकाचा क्रमांक माहीत नसेल तर निर्देशांकात सदस्याच्या नावाने शोधावं की विषयाने? इलिनॉयच्या दादांनी एवढं सांगितलं तर पुढच्या वर्गाआधी दोन्ही छापून मुलांच्या हातात देता येतील.