मदत हवी आहे : आजीवन व्रतांपूर्वी सातबाऱ्यावरील नावाचे काय करावे?

वसईतील माझा भाचा असिसीच्या संत फ्रान्सिसच्या परंपरेतील कॅपुचिन या कॅथलिक व्रतस्थांच्या संघात असून, नोव्हिशिएटचे (व्रतांआधीच्या प्रशिक्षणाचे) वर्ष पूर्ण करून त्याने दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ही तात्पुरती व्रते घेतली आहेत. त्याला धर्मगुरू न होता ब्रदर म्हणूनच राहायचे आहे, आणि मला तरी ते पटते. पहिल्या व्रतांपूर्वीच्या नियमानुसार मालमत्तेचा कारभार त्याने थोरल्या भावाकडे सोपवला. मात्र आजीवन व्रतांपूर्वी मालकीच सोडावी लागणार असल्याने, वडिलोपार्जित वाडीच्या सातबाऱ्यावरील हिश्शासाठी हक्कसोडपत्र करावे की बक्षीसपत्र, आणि पुढे तो संघातून बाहेर पडलाच (माझी बहीण रोज हेच विचारते) तर जमिनीवर त्याचा काही हक्क उरतो का, हे अनुभवी कुटुंबांनी किंवा व्रतस्थांनी कृपया सांगावे.