रक्त कमी, बी १२ आणि परनिशियस ॲनिमिया: निदानापर्यंतचे तुमचे अनुभव

माहुलीकरीण (सातारा)

‘अंगात रक्त कमी आहे’ असं डॉक्टरांनी म्हटलं की आपल्याकडे पुढचं सगळं ठरलेलं असतं. बीट, डाळिंब, खजूर, गूळ-शेंगदाणे, लोखंडी कढई आणि लोहाच्या गोळ्या. माझंही तेच चाललं होतं. हिमोग्लोबिन ७ च्या खाली, जिना चढताना धाप, जीभ सोलवटलेली, आणि गोळ्या घेऊनही आकडा जागचा हलेना. मी अंडी, मासे, मटण सगळं खाणारी. त्यामुळे मांसाहारातून मिळणारं बी १२ जीवनसत्त्व कमी असेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

शेवटी एका फिजिशियननी सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, कागदावर एमसीव्हीखाली (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) पेनाने रेघ मारली. आकडा होता ११८. साधारण ८० ते १०० असावा. लोह कमी पडलं की तांबड्या पेशी लहान होतात, माझ्या तर फुगल्या होत्या. बी १२ तपासलं, ते जेमतेम ७०. मग इन्ट्रिन्झिक फॅक्टरची अँटीबॉडी टेस्ट झाली आणि ती पॉझिटिव्ह आली.

इन्ट्रिन्झिक फॅक्टर हे जठरात तयार होणारं प्रथिन. अन्नातलं बी १२ त्याला चिकटतं आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं. परनिशियस ॲनिमियात आपलीच प्रतिकारशक्ती जठरातल्या त्या पेशींवर आणि या प्रथिनावर उलटते. मग ताटात काय वाढलंय याला फारसा अर्थ उरत नाही. यकृतात साठा असतो म्हणून काही वर्षं कळतही नाही. शंभर वर्षांपूर्वी माणसं याने दगावत. १९२६ मध्ये बोस्टनच्या मायनॉट आणि मर्फी यांनी रुग्णांना रोज भरपूर कलेजी खायला घालून सुधारणा दाखवली. १९३४ मध्ये त्यांना व्हिपल यांच्यासह नोबेल मिळालं. रोज कलेजी! त्यामानाने माझी बी १२ ची महिन्याची सुई परवडली.

सातारा-सांगलीकडच्यांनी लिहा: सुरुवात कशाने झाली, आणि कमी का आहे हे कुणी शोधलं का? माझा सगळा रोख या ‘का’वर आहे. डॉक्टरांची, दवाखान्यांची नावं नकोत.

कापूरओढा (तासगाव)

आईचं सांगतो. घर माळकरी, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत नाही. रोज संध्याकाळी वाती वळायची तिची सवय. एक दिवस म्हणाली, कापूस बोटाला लागतच नाही. वात वळली जायची, पण बघून. हाताला काही कळायचं नाही. मग पायातली चप्पल वाटेत निसटायची आणि ही तशीच पुढं चालायची. आम्ही वय झालं म्हणून सोडून दिलं. भावकीतल्यांनी वाताचं तेल आणून दिलं. एका ठिकाणी मणक्यात गॅप आहे म्हणून पट्टा मिळाला.

खरं काय ते मोरीत कळलं. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की ती भिंतीकडं कलायची. मिरजेच्या न्यूरोच्या डॉक्टरांनी हेच विचारलं: “आजी, डोळे मिटून उभ्या राहा बघू.” राहता आलं नाही. बी १२ कमी पडलं की पाठीच्या कण्यातल्या नसांवरचं वेष्टण खराब होतं, पाय नेमका कुठे आहे ही खबर मेंदूला पोचत नाही. डोळ्यांनी बघून माणूस सावरतो, डोळे मिटले की तोल गेला. हिमोग्लोबिन ११ च्या आसपास होतं बरं का. रक्त फारसं कमी नसताना नसा बिघडू शकतात.

इंजेक्शनचा डाळिंबी रंग बघून आईचा पहिला प्रश्न, “हे कशापासून करतात?” डॉक्टर हसले नाहीत. टाक्यांमध्ये जिवाणू वाढवून त्यांच्यापासून काढतात, प्राण्याचं काही नाही, असं त्यांनी नीट सांगितलं. तेव्हा दंड पुढं केला. जिलेटिनची कॅप्सूल मात्र तिनं परत पाठवली. ‘अंडी सुरू करा’ म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना माझी विनंती: माळ काढायला लावू नका, सुई आहे की.

जिभेची आग लगेच थांबली. हातांची जाणीव हळूहळू आली. तळपाय अजून बधिरच आहेत, उशीर झाला तेवढं नुकसान राहिलं.

हरणाई (खटाव)

माझे डोळे पिवळे झाले होते. झालं, कावीळ! तेल-तूप बंद, उसाचा रस, फुटाणे आणि एका गावची झाडपाल्याची पुडी. बिलिरुबिन वाढलेलं, पण लिव्हरचे बाकी रिपोर्ट नॉर्मल, आणि एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) हजारांत. नंतर कळलं की बी १२ शिवाय तयार होणाऱ्या पेशी हाडांच्या मगजातच फुटतात, त्याचा तो पिवळेपणा. बोटांची पेरंही काळी पडली होती, ती उन्हाने असं सगळे म्हणायचे.

दंडोबा (मिरज)

लॅबमध्ये काम करतो, म्हणून रुग्णाचा नाही, टेबलाच्या पलीकडचा अनुभव. लोक आधी दोन-चार सुया टोचून घेतात आणि मग बी १२ तपासायला येतात. आकडा येतो २००० च्या वर आणि घरी जाताना म्हणतात, “बघा, मला कमी नव्हतंच.” आधी रक्त द्या, मग सुई. दुसरं, लोह आणि बी १२ दोन्ही कमी असेल तर एमसीव्ही मधोमध येऊन नॉर्मल दिसतो. अशा वेळी स्लाइड बघितली की पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाला पाच-सहा पाकळ्या दिसतात आणि संशय येतो. आणि नुसतं फॉलिक ॲसिड खाऊन हिमोग्लोबिन चढतं, नसांचं नुकसान मागे चालूच राहतं. ते मला जास्त धोक्याचं वाटतं.

बोरनदीकाठ (जत)

आमचं लई साधं हाय. धा-बारा वर्सं शुगरची मेटफॉर्मिन, वर रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी. पायाला मुंग्या आल्या की सगळी म्हणायची शुगरच्याच. नव्या डॉक्टरनं दोन्ही गोळ्यांची पाकिटं हातात घेतली अन् म्हणाला, या दोन्हींनी बी १२ कमी हुतंय, तपासू. निघालंच कमी. मेटफॉर्मिन बंद न्हाई केली, बी १२ ची गोळी जोडली.

कृष्णामाई (वाई)

@माहुलीकरीण, शोषणच होत नाही तर गोळी चालते का? आणि सुई जन्मभर?

माहुलीकरीण (सातारा)

जन्मभर, हो. बरं वाटलं म्हणून सोडायची नाही, हे मला बजावून सांगितलंय. सुरुवातीला एक दिवसाआड होती, मग आठवड्याला, आता महिन्याला. मोठ्या डोसची, म्हणजे १००० मायक्रोग्रॅम किंवा जास्तीची गोळीही चालू शकते, कारण साधारण एक टक्का बी १२ त्या प्रथिनाशिवायही आत जातं. साधी बी कॉम्प्लेक्स त्या कामाची नाही. माझी एन्डोस्कोपीही केली. जठराचं अस्तर पातळ झालेलं असतं आणि पुढे कॅन्सरचा धोका थोडा वाढतो म्हणून. थायरॉइडही तपासला.

कृष्णामाई (वाई)

थायरॉइड का? माझ्या धाकट्या बहिणीला थायरॉइड आहे, अंगावर कोडाचे डागही आहेत. आणि गेले काही महिने सारखी थकते.

माहुलीकरीण (सातारा)

आपलीच प्रतिकारशक्ती उलटण्याचे हे आजार पुष्कळदा एकमेकांच्या सोबतीने येतात, घराण्यातही दिसतात. तिला सीबीसी आणि बी १२ करायला सांगा. दंडोबा म्हणतात तसं, सुई टोचून घेण्याआधी.