दहावीपर्यंत टाळ्या, अकरावीला टाळं

घोडबंदरकर

आमच्या सोसायटीत दर जूनला एकच नाटक बघतोय. पोरगं लहानपणापासून चित्रकलेच्या क्लासला. सरकारी चित्रकला परीक्षांपैकी एलिमेंटरी होते, इंटरमिजिएटला ए ग्रेड येते, आईबाप स्टेटसला सर्टिफिकेट लावतात, गणपतीच्या सजावटीचं काम हक्काने त्याच्याच गळ्यात. मग दहावीचा निकाल लागतो, इंटरमिजिएटचे वाढीव गुण टक्क्यांत जमा होतात आणि क्लास बंद. रंगांची पेटी माळ्यावर, पोरगं इंटिग्रेटेड कोचिंगला, म्हणजे कॉलेज आणि एन्ट्रन्सचा क्लास एकत्र.

माझं म्हणणं सरळ आहे. इंजिनीअरिंगसाठी क्लास-कॉलेज धरून जे काही लाख बाजूला काढलेले असतात, तेच पैसे आणि तेवढीच वर्षं कलेसाठी द्यावीत, आणि तीही विनाअट. ‘आधी एक डिग्री घे, मग काय ते कर’ हा सभ्य भाषेतला नकार आहे. इंजिनीअर व्हायला निघालेल्याला कोणी विचारतं का, नाही जमलं तर काय करशील म्हणून?

आमची कन्या यंदा दहावी झाली. तिला बीएफए, म्हणजे कलेची पदवी, करून इलस्ट्रेशनमध्ये जायचंय. मी आणि बायको तयार, सासरे आणि माझा मोठा भाऊ विरोधात. भांडायला मुद्दे हवेत. विरोधी मतंही येऊ द्या.

नेरूळचा रोखठोक

विरोधी मत मागितलंत, घ्या. कलेला माझा विरोध नाही, ‘विनाअट’ला आहे. घराचा हप्ता, आईवडिलांची औषधं आणि एक पगार, अशा घरात विनाअट काहीच नसतं. इंजिनीअरिंगलाही अट असतेच की. केटी लागली, म्हणजे विषय राहिला, की बाप विचारतोच. मग चित्रकलेलाच सूट का?

दुसरं असं, की बेताचा इंजिनीअर कुठेतरी चिकटतो. महापे, ऐरोली, बेलापूर, काही ना काही मिळतं. बेताचा चित्रकार तिशीतही बापाकडे मोबाईल रिचार्जचे पैसे मागतो. आपली मुलगी बेताची नाही असं प्रत्येक बापाला वाटतं, मलाही माझ्या मुलाबद्दल वाटायचं. बारावी सायन्स करा, फिजिक्स आणि गणित ठेवा. चित्रकला कुठे पळून जात नाही.

कोपरीची आई

रोखठोक भाऊ, तो ‘कुठेतरी चिकटलेला’ इंजिनीअर माझ्या घरात आहे. ऑफर लेटर हातात, जॉइनिंगची तारीख काही येत नाही. रोज सकाळी ईमेल बघतो आणि परत झोपतो. सुरक्षित म्हणून तिकडे ढकललेला मुलगा आहे हा, बासरी छान वाजवायचा.

नेरूळचा रोखठोक

ताई, वाईट वाटलं. पण नोकरी अडकली हा मुद्दा बासरीच्या बाजूने कसा जातो ते कळलं नाही.

कोपरीची आई

जात नाही. फक्त ‘सुरक्षित’ म्हणताना जरा हळू म्हणा, एवढंच.

शाईचा डाग

ऐरोलीच्या एका स्टुडिओत ॲनिमेशन करतो. नव्या मुलांचे पोर्टफोलिओ बघायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून थोडं लांबण लावतो.

आधी माहिती. बीएफएला बारावी कुठल्याही शाखेची चालते, प्रवेश परीक्षा मात्र द्यावी लागते. आयआयटी मुंबई घेते ती यूसीड, डिझाइनची प्रवेश परीक्षा, तीही कुठल्याही शाखेच्या मुलांना देता येते. तिच्यात संगणकावरच्या प्रश्नांबरोबर हाताने चित्र काढण्याचा भाग असतो. म्हणजे चित्रकलेसाठी सायन्स लागतं हे खरं नाही. पण आर्किटेक्चरचा विचार असेल तर बारावीत फिजिक्स-गणित लागतं. तो दरवाजा बंद करायचा तर माहीत असून करावा.

आता कडू भाग. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ पोर्टफोलिओंमध्ये त्याच मोठ्या डोळ्यांच्या जपानी धाटणीच्या मुली असतात आणि सगळ्यांचे हात खिशात किंवा पाठीमागे. कारण हात काढता येत नाहीत. क्लासमध्ये वर्षानुवर्षं घडीचा कपडा, पितळी तांब्या आणि दोन वांगी काढलीत. तालीम म्हणून स्थिरचित्राला काही म्हणायचं नाही, पण चालतं-वाकतं माणूस काढायची वेळच आलेली नसते. मुलीला म्हणावं, ठाणे स्टेशनला वाशीकडच्या गाडीची वाट बघताना वही उघड. पिशवी उचललेल्या बाईचा खांदा किती खाली जातो ते काढ. पुसायचं नाही. वर्षभर हे केलं तर पोर्टफोलिओ आपोआप वेगळा दिसेल.

एआयमुळे सुरुवातीची किरकोळ कामं आटलीत, तेही खोटं सांगणार नाही. ज्या कामावर आम्ही हात बसवला, ती पायरीच निसटतेय. आणि ‘शंभर टक्के प्लेसमेंट’वाल्या डिप्लोम्याला लाखो रुपये देण्याआधी तिथून बाहेर पडलेल्या मुलांचं काम बघायला मागा. ब्रोशर नको, काम. टाळाटाळ केली की उठा.

वाशीचे ठेकेदार (तबल्याचा ठेका, बांधकामाचा नव्हे)

मी तबला शिकवतो, म्हणून चित्रांतलं कळत नाही. पालक मात्र कळतात. पाठिंबा कमी पडतो अशी रड इथे सगळ्यांची दिसतेय. माझा अनुभव उलटा आहे, पाठिंबा उतू जातोय.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा असतात. प्रारंभिक, मग प्रवेशिका, मध्यमा, विशारद. पद्धत चांगली आहे, शिस्त लागते. पण पालक पहिल्याच महिन्यात विचारतात, ‘परीक्षेला कधी बसवणार?’ पोरगं वाजवतंय कसं हे विचारणारा क्वचित भेटतो. परवा एक मुलगा तीनतालातला कायदा, म्हणजे ठरावीक बोलांची रचना, वाजवत होता. पलटे, म्हणजे त्याच बोलांची फिरवाफिरव, नीट पडत होते, सावकाश लयीत, मी खूश. आई समोर मोबाईल धरून बसलेली. मध्येच म्हणाली, ‘जरा फास्ट वाजव ना, रीलला असं स्लो कोण बघतं?’ त्याने लय वाढवली आणि डग्ग्यावरचा हात सुटला. मग सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, सुटली. मग तोंड पडलं.

घोडबंदरकर, पैसे द्या, वर्षं द्या. आणि जमलं तर त्या खोलीतून बाहेर जा.

नेरूळचा रोखठोक

ठेकेदारांशी सहमत. बघा, मीसुद्धा कधीकधी सहमत होतो.

पडद्यामागची

मी पंचविशीतली, नौपाड्यात वाढले. बारावीनंतर नाटक करायचं म्हटलं तर घरून अगदी विनाअट हो मिळालं. काकांना वाटतंय तेवढं ते हलकं नसतं.

आई प्रत्येक लग्नात सांगायची, ‘आम्ही तिला कध्धी अडवलं नाही.’ बाबा एकांकिकेच्या प्रत्येक प्रयोगाला पहिल्या रांगेत. बक्षीस मिळालं नाही की घरी परीक्षकांवर चर्चा. हळूहळू असं झालं, की मला अभिनय येत नाही, प्रकाशयोजना आवडते, हे बोलायची सोयच राहिली नाही. ज्यांनी एवढं सोडलं त्यांना काय सांगणार? अटी घातल्या असत्या तर निदान भांडता आलं असतं.

शेवटी सांगितलं. दोन दिवस घरात कोणी नीट बोललं नाही. आता बेलापूरला नोकरी करते आणि संध्याकाळी तालमीला जाते. पहिल्या रांगेतून मी दिसत नाही, म्हणून बाबा आताशा मागे बसतात.

तेव्हा पैशाची अट घाला, खुशाल. चार वर्षांची फी आमची, पुढचं तुझं, असं स्पष्ट आकड्यात बोला. मुलांना आकडा कळतो. पण ‘तू कलाकारच होणार’ ही अट नको. मध्येच कंटाळा आला, दिशा बदलली, तर ते घरी सांगता यायला हवं.

घोडबंदरकर

हे वाचून थोडा वेळ काही लिहिलं नाही. भाऊ आणि सासऱ्यांचे मुद्दे मला तोंडपाठ आहेत, हा मुद्दा आमच्याकडे कोणी काढला नव्हता. विनाअटवर मी अजून ठाम आहे, पण सांगायच्या सोयीचं पटलं. गेल्या महिन्यात मीच तिचं एक चित्र फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय. तिला विचारलं नव्हतं.

नेरूळचा रोखठोक

मग विचारा. आणि फीचा आकडाही सांगा तिला. पडद्यामागच्या मुलीने माझीच बाजू मांडली, फक्त गोड भाषेत.

पडद्यामागची

काका, तुमची बाजू सायन्सची होती.

कागदोपत्री

वकील आहे, मुलगा कॅलिग्राफी करतो. पाठिंब्यावर मत नाही, एक कामाची गोष्ट. कोणाच्या सांगण्यावरून पैसे घेऊन पेंटिंग किंवा पोर्ट्रेट केलं आणि वेगळा करार नसेल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पहिला मालक काम सांगणारा ठरतो. पोरांना वाटतं, मी काढलं म्हणजे माझं. सतरा-अठराव्या वर्षीच ऑर्डरी घ्यायला लागतात, ‘दादा, ओळखीतलं काम आहे’ म्हणून व्हॉट्सॲपवर सगळं ठरतं. किती रुपये, किती वेळा बदल, चित्र कुठे वापरणार, या तीन ओळी तरी लिहून घ्यायला शिकवा. हाही पाठिंबाच.

शाईचा डाग

‘किती वेळा बदल’ ही ओळ जाड अक्षरात लिहा. आमच्याकडे ‘फायनल’ नावाच्या फायलीचे सात भाऊ असतात.

घोडबंदरकर

काल रात्री बसून बोललो. चार वर्षांची फी आमची, कागद-रंग आमचे, चित्रं काढायचा टॅबलेट तिने कामं करून घ्यायचा. हे तिनेच सुचवलं. फ्रेम काढायला लावली, म्हणे त्यातला डावा हात चुकलाय.

अकरावीचं मात्र अडलंय. गणित तिला आवडतं, फिजिक्स अजिबात नको. आर्ट्सला गणित घेता येईल असं कॉलेज ठाण्यात शोधतोय. पसंतीक्रम भरायचे आहेत, कोणाला माहिती असेल तर सांगा.

नेरूळचा रोखठोक

फिजिक्स सोडलं की आर्किटेक्चर गेलं. एकदा परत विचारा.

घोडबंदरकर

विचारलं. म्हणाली, त्या काकांना सांगा, मला घरं काढायची नाहीत, घरातली माणसं काढायचीत.

नेरूळचा रोखठोक

बोलायला तर तयार आहे. फी कमी पडणार नाही बघा, पुढे वकिलीला घाला.