'जेट'ला झोत म्हणावं की चिळकांडी?

येऊरकर: रविवारी सोसायटीतल्या मुलांना रेडिओ दीर्घिका, म्हणजे रेडिओ लहरी जोरात सोडणाऱ्या दीर्घिका, सांगायच्यात, मराठीत. गाडी 'जेट'शी अडली. दीर्घिकेच्या मधल्या कृष्णविवराजवळून दोन बाजूंना सुटतात ते. मी 'झोत' लिहिलं, तर बायको म्हणते झोत टॉर्चचा. त्यातून काहींचे दोन जेट सारखे नसतात, काहींचा एकच दिसतो. 'असममित' म्हटलं तर मुलं खाली खेळायला पळतील.

कळवेकर: चिळकांडी! आजी म्हशीची धार काढताना पहिली चिळकांडी मांजराच्या तोंडात सोडायची. बारीक, सरळ, जोरदार.

वाशी_सेक्टर१७: चिळकांडी क्षणात संपते हो. एम ८७ या दीर्घिकेचा जेट हजारो प्रकाशवर्षं लांब आहे, खगोलशास्त्रज्ञ कर्टिसने तो १९१८मध्येच नोंदवलाय. झोतच बरा. भट्टीतून येतो तोही झोतच की.

कळवेकर: बरं, झोत. मग एकच असेल तर लंगडा झोत.

वाशी_सेक्टर१७: लंगडा कसा? एम ८७चा दुसरा झोतही आहे. आपल्याकडे येणारा जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने येतो म्हणून उजळ दिसतो, पलीकडचा मंद. व्यंग आपल्या बघण्यात. एका बाजूला वायू दाट म्हणून झोत खरंच आखूड राहिला, तर लंगडा म्हणा. दोन्हींना एक शब्द चालायचा नाही.

येऊरकर: हे पटलं. आणि त्या भोवतालच्या वायूला? 'पर्यावरण' म्हटलं की मुलं झाडं लावायला निघतात.

कोपरी_पूर्व: आसमंत.

कळवेकर: आसमंत म्हणजे आकाश ना? आसमानवरून आलेला, फारसी.

कोपरी_पूर्व: मुळीच नाही. संस्कृत 'समन्त', म्हणजे सगळीकडून. आसमंत म्हणजे भोवताल. बातम्यांत 'आसमंतात विमान' ऐकलं की माझं डोकं फिरतं.

कळवेकर: सगळे आकाश म्हणूनच वापरतात. वापर जिंकतो.

कोपरी_पूर्व: वापर जिंकतो म्हणून चूक बरोबर होत नाही.

वाशी_सेक्टर१७: इथे तोच शब्द हवा पण. ययाती तारकासमूहातली एनजीसी १२६५ ही दीर्घिका गरम वायूतून धावते आणि तिचे दोन्ही झोत मागे वळतात, घोडबंदर रोडला स्कूटरवर ओढणी उडते तसे. हा वायू म्हणजे तिचा आसमंत.

येऊरकर: आणि झोताच्या टोकाला फुगतात ते लोब? कानाच्या लोबला पाळी म्हणतात...

कळवेकर: सोसायटीतल्या मुलांसमोर पाळी म्हणून बघा!

कोपरी_पूर्व: त्यात हसण्यासारखं काय? रबाळ्याला माझी दुसरी पाळी असते. आपली ठाण्याची तलावपाळी आहेच.

कळवेकर: तलावपाळी ही पाळ, म्हणजे बांध. कानाच्या पाळीशी तिचा काय संबंध?

येऊरकर: अहो, रविवार उद्यावर आला. 'झोत' पक्कं का?

कोपरी_पूर्व: पाळ आणि पाळी एकच. कडेला असते ती. काठ घ्या नाहीतर कान घ्या.