मिरर म्हणजे बॅकअप नव्हे

"तीन शहरांत मिरर आहेत, मग वेगळा बॅकअप कशाला?" असं कुणीतरी विचारलंय. मिरर म्हणजे मुख्य सर्व्हरवरचं सगळं आपोआप जसंच्या तसं उतरवून घेणारा दुसरा सर्व्हर. केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या लोकांनाही २०१३ पर्यंत साधारण असंच वाटत होतं. त्या मार्चमध्ये त्यांच्या मुख्य गिट सर्व्हरची (कोड आणि त्यातले बदल जपणाऱ्या सर्व्हरची) फाइलसिस्टीम, म्हणजे डिस्कवरची फायलींची मांडणी, बिघडली आणि मिररांनी इमानेइतबारे तो बिघाडच उतरवून घेतला! सुमारे १५०० रेपॉझिटरी (कोडचे साठे) जाता जाता वाचल्या, त्याही एका सर्व्हरवर नशिबाने धड प्रत राहिली म्हणून.

मिरर खुशाल ठेवा. पण तारीखवार प्रती दुसरीकडे जाऊ द्या आणि तिथलं जुनं पुसायचा अधिकार मुख्य सर्व्हरला देऊ नका. शिवाय अधूनमधून एखादी प्रत रिकाम्या मशिनवर उघडून बघा. आमच्या जुन्या अंकांच्या स्कॅनची हार्ड डिस्क मी चार वर्षं कपाटात जपली होती; लावली तेव्हा नुसती टकटक.